हॅरिएट पॉवर्सबाईंच्या गोधड्या

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागी जॉर्जिया नावाचा प्रांत आहे. कापसाच्या पिकाकरिता तो एके काळी फार प्रसिद्ध होता, आणि तो कापूस पेरणारे व वेचणारे हात गुलामांचे होते, हेही सर्वश्रुत आहे. त्या प्रांतातील अथेन्स शहरानजीक तारीख 29 ऑक्टोबर 1837 रोजी हॅरिएट पॉवर्सबाईंचा जन्म झाला. त्या जन्मतः गुलाम होत्या. राजदरबार, रणभूमी अथवा व्यासपीठ यांपैकी कोठेही त्यांचे नाव गाजले नाही. त्यांनी संसार केला, मुले वाढविली, आणि घरच्या कामातून उसंत मिळाली म्हणजे गोधड्या शिवल्या. त्यांपैकी दोनच आज शिल्लक आहेत. परंतु त्या दोन अशा मोलाच्या ठरल्या की, एक वॉशिंग्टन शहरी राष्ट्राच्या इतिहास-संग्रहालयात व दुसरी बॉस्टन शहरी कलासंग्रहालयात मोठ्या निगुतीने जतन करून ठेविली आहे.

वाचकहो, गोधडी म्हणजे काय हे आपल्या गावकऱ्यांस सांगावयास नको. आजीचे फाटके लुगडे, बापाचे विरलेले धोतर, बाळाची अंगडी-टोपडी, असे सर्व एकावर एक अंथरून त्यावर धावदोरा घालीत गेले म्हणजे आपली गोधडी होते. अमेरिकेतील रीत थोडी निराळी. तेथे खाली एक अस्तर, मध्ये पिंजलेल्या कापसाचा थर व वर तुकडे जोडून केलेला पालव असे तीन पदर असतात, आणि ते टाक्यांनी एकमेकांस सांधलेले असतात. हॅरिएटबाईंनी या वरच्या पदरावर नुसती नक्षी काढिली नाही. त्यांनी रंगीत कापडातून माणसे, पशू, पक्षी, सूर्य, तारे यांच्या आकृत्या कातरून काढिल्या व त्या हाताने आणि शिवणयंत्राने टाचून संबंध कथा मांडिल्या. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील दाहोमे देशात, म्हणजे हल्लीच्या बेनिनमध्ये, राजेलोकांच्या पराक्रमाची चित्रे याच रीतीने कापडावर टाचीत असत, आणि कित्येक विद्वानांनी या दोहोंतील साम्य दाखवून दिले आहे.

बाईंचे बाळपण लेस्टर नावाच्या गोऱ्या कुटुंबाच्या मालकीत गेले. जॉर्जियात 1829 साली असा कायदा झाला होता की, गुलामास लिहावयास किंवा वाचावयास शिकवू नये, शिकविणाऱ्यास शिक्षा होईल. यामुळे, आणि मागाहून त्यांच्याविषयी लिहिणारांनी तसे गृहीत धरिल्यामुळे, पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की, बाईंना अक्षरओळख मुळीच नव्हती, व शास्त्रातील कथा त्यांनी केवळ उपदेश ऐकून पाठ केल्या होत्या. परंतु त्यांनी 1896 साली आयोवा प्रांतातील एका बाईंना पाठविलेल्या पत्राची नक्कल या शतकात उजेडात आली आहे. तीवरून असे दिसते की, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी गोऱ्या मुलांकडून शिकावयास आरंभ केला व पुढे स्वतःच्या अभ्यासाने पवित्र शास्त्राचे ज्ञान वाढविले. ज्या मुलांच्या आईबापांनी कायदा केला त्याच मुलांनी तो मोडिला. मुलांच्या हातून अशा गोष्टी सहज घडतात.

1855 साली, अठराव्या वर्षी, आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी गुलामांच्या विवाहास कायद्यात काहीच किंमत नव्हती. मालकाच्या मनास आले की नवऱ्यास एका बाजारी व बायकोस दुसऱ्या बाजारी विकावे, मूल तिसऱ्याच गावी जावे. अशा लोकांना वंशावळ कोठून असणार? जन्माची नोंद असलीच तर ती मालकाच्या वहीत, गुराढोरांच्या यादीशेजारी. म्हणून त्या लोकांनी आपल्या कालगणनेची खूण आकाशात शोधिली. 1833 च्या नोव्हेंबर महिन्यात एका रात्री अमेरिकेत उल्कांचा असा पाऊस पडला की, सर्व तारे गळून पडत आहेत असे लोकांस वाटले. पुढे कित्येक वृद्ध गुलाम आपले वय सांगताना तारे पडले त्या रात्रीच्या आधी किंवा मागून असे सांगत. आपल्याकडेही प्लेगच्या साली जन्मलेला, दुष्काळात जन्मलेली, असे म्हणून वये मोजणारी पिढी होऊन गेली, तेव्हा ही रीत आपणास परकी वाटू नये. हॅरिएटबाईंचा जन्म त्या रात्रीनंतर चार वर्षांनी झाला. ती रात्र त्यांनी पाहिली नव्हती, तरी ती त्यांच्या गोधडीवर आली, हे पुढे सांगावयाचे आहे.

अंतर्गत युद्ध 1865 साली संपले व गुलामगिरी नष्ट झाली. पॉवर्स कुटुंब अथेन्सजवळच राहिले. त्यांना किमान नऊ अपत्ये झाली. 1880 नंतरच्या दशकात या दांपत्याने थोडी स्वतःची जमीनही घेतली. ती चारच एकर होती, पण ज्याला पूर्वी स्वतःचे शरीरही स्वतःचे म्हणता येत नव्हते त्याच्या दृष्टीने चार एकरांचे मोल काय असेल ते ज्याचे त्याने जाणावे. शिवणकाम तर पूर्वीपासून चालूच होते. वर सांगितलेल्या पत्रात बाईंनी आपल्या गोधड्यांचा हिशेब दिला आहे. 1872 साली केलेल्या एका गोधडीत 4,050 चौकटी होत्या. 1882 साली त्या माउंट झायन नावाच्या बाप्तिस्त मंडळीच्या सभासद झाल्या, आणि त्यानंतर प्रभुभोजनाच्या प्रसंगावरून त्यांनी आणखी एक गोधडी रचिली, तीत 2,500 तुकडे होते. हे आकडे त्यांनी मोजून ठेविले होते. ज्या बाईने एकेक तुकडा कापून जोडला आहे तिला तो आकडा आठवतो, यात नवल नाही.

आता त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध गोधडीकडे वळू. तिची लांबी सुमारे साडेसात फूट व उंची सव्वासहा फूट असून तीत अकरा चौकोन आहेत. आरंभी एदेन बाग आहे. आदाम, हव्वा व सर्प तेथे आहेत, आणि पशूही आहेत. पुढे हव्वा आपल्या मुलासह दिसते. सात ताऱ्यांमध्ये सैतान आहे. काइन हाबेलास ठार मारीत आहे, आणि हाबेलाचे रक्त भूमीवर ओघळलेले कापडाच्या पट्टीने दाखविले आहे. मग काइन नोद देशी बायको शोधावयास जातो. तेथील रानात अस्वले, चित्ते व एक कांगारू-डुक्कर असे विलक्षण जनावरही उभे आहे. त्या देशाविषयी शास्त्र काही सांगत नाही, म्हणून बाईंनी तेथे आपल्या कल्पनेस मोकळी सोडिली असावी. काइनाला बायको कोठून मिळाली हा प्रश्न ज्या उपदेशकास गावच्या चावडीवर कधी कोणी विचारला असेल त्यास हा चौकोन पाहून बरे वाटेल. याकोबाचे स्वप्न, ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, वधस्तंभ, प्रभुभोजन व शेवटी पवित्र कुटुंब हेही प्रसंग आहेत.

प्रभुभोजनाच्या चौकोनात शिष्यांतून पाच कमी केले आहेत. जे आहेत त्यांस ठिपक्यांच्या पांढऱ्या कापडाची वस्त्रे दिली आहेत. यहूदा तेवढा मळकट रंगाच्या कापडाचा आहे. लिहून सांगणाऱ्यास जेथे चार वाक्ये लागती तेथे बाईंनी नुसता चिंधीचा रंग बदलला. आणखी एका चौकोनात यहूदा तीस रुप्यांसह दिसतो. तेथे रुप्यांच्या चकत्यांशेजारी त्याच्या पायाशी एक मोठी चकती आहे. ती काय म्हणून विचारले असता बाईंनी सांगितले की, तो 1886 साली तीनशे वर्षांनी प्रथम दिसलेला तारा होय. यरुशलेमेतील विश्वासघात व जॉर्जियाच्या आकाशातील तारा एकाच चौकोनात यावेत, हे नीटनेटक्या वाचकास खटकेल. मला तसे वाटत नाही. शास्त्रातील गोष्ट व आपल्या घराच्या अंगणातून पाहिलेली गोष्ट यांमध्ये त्यांच्या मनात कुंपण नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

1886 साली अथेन्स येथे कापसाचे प्रदर्शन भरले, त्यात ही गोधडी मांडिली होती. त्या शहरात लूसी कॉब इन्स्टिट्यूट या नावाची मुलींची शाळा होती व तेथे मिस जेनी स्मिथ या चित्रकला शिकवीत असत. त्या गोऱ्या कुटुंबातील, सुशिक्षित, युरोपातही चित्रकला शिकून आलेल्या होत्या. त्यांनी ही गोधडी पाहिली आणि त्या तेथेच खिळून राहिल्या. चौकशी करून त्यांनी हॅरिएटबाईंचे घर शोधून काढिले व गोधडी विकत मागितली. बाईंनी साफ नकार दिला. कोणत्याही किमतीस ती विकावयाची नव्हती.

त्यानंतर सुमारे चार वर्षे गेली. कापसाचा भाव उतरत चालला होता. लहान शेतकऱ्याच्या घरी कर्ज आले, आणि पॉवर्स कुटुंबासही तोच अनुभव आला. बाईंनी निरोप पाठविला की, आता गोधडी विकावयाची आहे. त्या वेळी मिस स्मिथ यांच्याजवळ पैसे नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी उलट निरोप पाठविला की, अजून विकण्याचा विचार असेल तर मी घेते. तेव्हा हॅरिएटबाई बैलगाडीतून आल्या. गोधडी त्यांच्या मांडीवर होती. ती एका स्वच्छ धुतलेल्या पिठाच्या पिशवीत घातली होती व ती पिशवी पुन्हा एका गोणपाटात गुंडाळली होती. ज्या घरी मूल पाहुणे न्यावयाचे असते त्या घरी त्याला धुवून-पुसून, दुपट्यात गुंडाळून नेतात. बाईंनी ती गोधडी तशीच आणिली.

त्यांनी 10 डॉलर मागितले. मिस स्मिथ म्हणाल्या की, आपल्याने 5 पेक्षा अधिक देववत नाहीत. बाई बाहेर गेल्या. नवरा गाडीपाशी थांबला होता, त्याच्याशी बोलल्या, व परत येऊन म्हणाल्या की, दिवस कठीण आहेत, तेव्हा पाच घ्यावे असे त्याचे मत आहे. व्यवहार झाला. पण गोधडी हातची सोडण्यापूर्वी त्यांनी एकेक चौकोन दाखवून त्याचा अर्थ मोठ्या कळकळीने सांगितला, आणि मिस स्मिथ यांनी तो लिहून ठेविला. वर यहूदाच्या वस्त्राविषयी, ताऱ्याविषयी व कांगारू-डुकराविषयी जे सांगितले ते सर्व त्या लिखाणामुळेच आपणांस ठाऊक आहे.

मिस स्मिथ यांच्याविषयी माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. अर्ध्या किमतीत वस्तू घेणे सोपे असते, आणि त्यांनी बाईंविषयी जे लिहिले त्यात त्या काळच्या गोऱ्या मनुष्याचा चढेल सूर मधूनमधून ऐकू येतो. तरी त्यांनी विचारले, ऐकून घेतले व लिहिले. तेवढे झाले नसते तर ती गोधडी एक मुकी वस्तू झाली असती. आपल्या मंडळ्यांतून किती म्हाताऱ्या बायांजवळ अशी एखादी गोधडी, वाकळ अथवा बटवा असेल, ज्यातील प्रत्येक तुकडा कोणाचा व कोणत्या वर्षीचा हे त्यांनाच माहीत आहे! त्यांच्याजवळ वही घेऊन बसण्यास उपदेशकास एक दुपार पुरे.

गोधडी विकली तरी बाईंचे मन तिच्यातून निघाले नाही. त्या पुढे कित्येकदा मिस स्मिथ यांच्या घरी आल्या, त्या केवळ तिला पाहावयास. मिस स्मिथ यांनी त्यांचे दुःख जाणून वचन दिले की, माझ्या घरी शिवणातून उरलेल्या सर्व चिंध्या तुमच्याकरिता राखून ठेवीन. त्याने त्यांचे थोडे समाधान झाले. या एकाच गोष्टीवरून बाईंचा स्वभाव पुरा कळतो. गेलेल्या गोधडीच्या जागी रुपये कामास येईनात, चिंध्या आल्या. पाच डॉलर त्याच आठवड्यात खर्चून गेले असतील, चिंध्यांतून मात्र पुढे काही होणार होते.

1895 साली अटलांटा शहरी मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. मिस स्मिथ यांनी तेथे गोधडी पाठविली, व पुष्कळ लोकांनी ती पाहिली. दुसरी गोधडी बाईंनी याच सुमारास शिवली. अटलांटा येथे कृष्णवर्णीयांकरिता विश्वविद्यालय होते. तेथील अध्यापकांच्या पत्नींनी ही दुसरी गोधडी घेऊन 1898 साली रेव्हरंड चार्ल्स कथबर्ट हॉल यांस भेट दिली. ते त्या विश्वविद्यालयाच्या विश्वस्तांपैकी असून न्यूयॉर्क येथील युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचे अध्यक्ष होते. हेच डॉक्टर हॉल पुढे 1902-03 साली व पुन्हा 1906-07 साली हिंदुस्थानात येऊन सुशिक्षित वर्गापुढे ख्रिस्ती धर्मावर व्याख्याने देऊन गेले. ज्यांनी ती व्याख्याने ऐकिली त्यांना काय ठाऊक की, वक्त्याच्या घरी एका पूर्वीच्या गुलाम बाईने शिवलेला असा उपदेश कापडावर आहे!

ही दुसरी गोधडी पावणेनऊ फूट लांब व पावणेसहा फूट उंच असून तीत पंधरा चौकोन आहेत. शत्रूंसाठी प्रार्थना करणारा इयोब, मोशेने उंच केलेला सर्प, समुद्रात टाकलेला योना, क्रोधाच्या सात वाट्या घेतलेले देवदूत, वधस्तंभ, असे शास्त्रातील प्रसंग तीत आहेत. पण त्यांच्यामध्ये, कोणताही वेगळा पडदा न घालता, लोकांच्या आठवणीतील दिवस बसविले आहेत. तारीख 19 मे 1780 चा काळोखा दिवस त्यांत आहे. त्या दिवशी उत्तरेकडील प्रांतांत भर दुपारी अंधार पडला. दूरच्या रानांतील वणव्यांचा धूर त्यास कारण झाला असे आता समजते. गुरे निजली व कोंबड्या खुराड्यात गेल्या. बाईंच्या जन्मापूर्वी सत्तावन्न वर्षे, व त्यांच्या गावापासून शेकडो कोस दूर घडलेली ही गोष्ट तारखेसुद्धा त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. तारे पडल्याची 1833 सालची रात्रही आहे. लोक घाबरले, शेवट आला असे समजले, पण देवाच्या हाताने ताऱ्यांस आवरून धरिले, असा त्या चौकोनाचा अर्थ बाईंनी सांगितला आहे. देवाचा तो हातही कापडाचा कातरून टाचला आहे.

1895 च्या फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीचा एक चौकोन आहे. एक बाई प्रार्थना करीत असताना गोठली, एक फाटकाशी गोठली, एक मनुष्य पिठाचे पोते घेऊन जाताना गोठला, एक दारूच्या बरणीपाशी गोठला, आणि खेचराच्या श्वासाचे बर्फ झाले. प्रार्थना करणारी व दारू पिणारा दोघेही त्या थंडीत सारखेच मेले, हे बाईंनी काही एक टीका न करिता दाखविले आहे. या दिवसास त्या 10 फेब्रुवारीचा थंड गुरुवार म्हणतात. पंचांग पाहता त्या तारखेस रविवार होता. पण स्मृतीने एका दिवसाची तारीख दुसऱ्या दिवसाच्या नावास जोडून टाकिली असावी. गोधडीत नाही का आपण आजीच्या लुगड्यास नातीच्या झग्याचा तुकडा जोडीत?

आणखी एक चौकोन पाहणाऱ्याचे लक्ष विशेष वेधून घेतो. त्यात देवाविषयी काही न शिकलेली श्रीमंत माणसे आहेत, आणि त्यांच्या खाली बेट्स नावाची एक डुकरीण आहे. ती जॉर्जियाहून निघून पाचशे मैल धावत व्हर्जिनियापर्यंत गेली. बाईंनी तिला स्वतंत्र हे विशेषण दिले आहे. संबंध गोधडीत सर्वांत मोठी आकृती हीच, देवदूतांहून व सूर्याहून मोठी. ज्या बाईने आयुष्याची पहिली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे दुसऱ्याच्या मालकीत काढिली, तिने कोणाच्याही हुकुमाशिवाय पाचशे मैल गेलेल्या जनावरास एवढे मोठे कापड दिले. त्याचा आणखी खुलासा त्यांनी केला नाही, व करण्याची जरूरही नव्हती.

त्यांचे एक छायाचित्र शिल्लक आहे, ते 1897 च्या सुमाराचे आहे. अंगावरील एप्रनवरही त्यांनी आकाशातील ज्योतींच्या आकृत्या टाचल्या आहेत. चेहरा गंभीर आहे. तोपर्यंत घरची स्थिती बरीच खालावली होती. 1890 नंतर जमिनीचा भाग विकावा लागला, पुढे नवराही शेत सोडून गेला, असे कागदपत्रांवरून दिसते. बाई तेथेच राहिल्या व बहुधा लोकांचे शिवणकाम करून पोट भरीत राहिल्या. तारीख 1 जानेवारी 1910 रोजी त्यांस देवाज्ञा झाली.

मग नाव विसरले गेले. डॉक्टर हॉल यांच्या घरची गोधडी त्यांच्या मुलाकडून एका संग्राहकाकडे व तेथून 1964 साली बॉस्टनच्या संग्रहालयात गेली. मिस स्मिथ यांनी आपली गोधडी मरेपर्यंत जवळ ठेविली, व 1946 साली त्या वारल्यानंतर ती पुढे वॉशिंग्टनला पोहोचली. दोन्ही एकाच हातच्या आहेत हे ओळखून विद्वानांनी बाईंच्या चरित्राचा शोध चालविला. त्यांच्या मृत्यूचे वर्षही पुस्तकांतून चुकीचे छापले जात असे. 2005 साली अथेन्स येथील गॉस्पेल पिलग्रिम नावाच्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या, झाडोऱ्याने भरलेल्या कबरस्थानात त्यांच्या कबरेचा दगड सापडला, तेव्हा खरी तारीख कळली.

2021 च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या संग्रहालयाने दोन्ही गोधड्या प्रथमच एका ठिकाणी मांडिल्या. 4,050 चौकटींची ती 1872 सालची गोधडी व प्रभुभोजनाची गोधडी मात्र अद्याप कोणास सापडलेली नाही. घरातील माणसांनी त्या पांघरून पांघरून झिजविल्या असाव्यात.